टाकीतलं लाल पाणी

गळती शोधणाऱ्या माणसाला घाई करून चालत नाही. पाणी जिथे दिसतं तिथे ते फुटलेलं नसतं. ते कुठेतरी वर, कुठेतरी आत फुटतं, विटांच्या अंगाने चोरपावलांनी उतरतं आणि भलत्याच खोलीत भलत्याच भिंतीवर ओल धरून बसतं. घरमालक त्या ओलीकडे बोट दाखवून म्हणतो, "इथे फोडा." गळतीमामा तिथे कधीच फोडत नसत. आधी सगळं पुसून कोरडं करायचं, खाली जुने कागद अंथरायचे आणि स्टुलावर बसून वाट बघायची. कागदावर पहिला ठिपका उमटला की मामांचा चेहरा असा उजळायचा, जसा काही घरचा माणूस परगावाहून परत आला.

चकचकीत तोट्या बसवायला दुसरे प्लंबर होते. मामांना बोलावणं यायचं ते बाकीच्यांनी हात टेकल्यावर. म्हणून नाव पडलं गळतीमामा, आणि बायको आपोआप मामी झाली.

मामांना एक खोड होती, विचारण्याची. कामाला गेलेल्या घरात ते भिंतीला कान लावता लावता माणसांनाही लावत. या घरात दोन दरवाजे का, आजोबांचा फोटो उलटा का ठेवलाय, असं काहीबाही. उत्तर मिळालं तरी बरं, नाही मिळालं तरी बरं. मामी म्हणायच्या, "तुम्हाला स्वर्गाच्या दारात उभं केलं तरी तुम्ही आधी बिजागरीला तेल कोण घालतं ते विचाराल."

अशा माणसाच्या हातात मोबाईल आला आणि मोबाईलमध्ये ग्रुप आला, तर काय व्हायचं ते झालं. ग्रुपचं नाव होतं 'एका वेलीच्या फांद्या'. शाळेतून निवृत्त झालेल्या एका मास्तरांनी तो काढला होता. आसपासच्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांनी भांडणं विसरून एकत्र यावं, ही त्यांची तळमळ. झालं असं, की आजवर ज्यांना एकमेकांची मतं ठाऊकच नव्हती, त्यांना ती कळली. मेणबत्त्या लावाव्यात की नाही, विसाव्याचा दिवस शनिवार की रविवार, बायकांनी उपदेश करावा का, भिंतीवर चित्र असावं की भिंत मोकळी असावी, एकेका गोष्टीवरून फांद्या फांद्यांवर कुऱ्हाडी घेऊन धावल्या. खरी नावं कोणी लावत नसे. मामांच्या चर्चमधला एक बुटांचा दुकानदार तिथे 'पहारेकरी' होता आणि रात्रंदिवस पहाऱ्यावर असे. पलीकडच्या प्रार्थनाघरातलं कोणीतरी 'मीठ' म्हणून लिहायचं, आणि जिथे जखम दिसेल तिथे जाऊन पडायचं.

मामा एका बोटाने लिहीत. लिहिण्यापेक्षा वाचतच जास्त. दुपारच्या चहाबरोबर चष्मा नाकावर ओढून ते मामींना वाचून दाखवत.

"ऐक. हा म्हणतो, गाताना वाद्यं वाजवणं पाप आहे."

"आणि तो वरचा?"

"तो म्हणतो, वाद्यं न वाजवणं पाप आहे."

"मग देवाने करायचं काय, कान झाकायचे?"

मामा हसत आणि खरोखरच विचारात पडत. इतकी शहाणी माणसं, एकच पुस्तक उशाशी घेऊन झोपतात, आणि उठतात ती वेगवेगळ्या दिशांना तोंड करून. पाणी नेमकं फुटतं कुठे? त्यांना ते कोडं वाटे, आणि कोडं आवडे.

पुढे ते कोडं घरात आलं.

मामांची लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. माणसांना खुर्चीत बसवायचं, काचा बदलत विचारायचं, आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं? बापाचीच खोड, फक्त धंदा वेगळा. काही महिन्यांपासून ती मैत्रिणीबरोबर त्या पलीकडच्या प्रार्थनाघरात जाऊ लागली होती. मामांनी कधी अडवलं नाही. उलट तिथे काय काय होतं ते खोदून खोदून विचारलं. एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "बाबा, मी पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा घेतेय."

"तुझा झालाय की."

"तो शिंपडून झालाय. तान्ही असताना."

"तान्ही असलीस म्हणून काय झालं? तुझाच झाला ना?"

तिने ताटली ओट्यावर ठेवली. "माझा झाला नाही, बाबा. तुम्ही केलात."

मामींच्या हातातला पेला तसाच राहिला. मामांच्या चर्चमध्ये तान्ह्या लेकराच्या कपाळावर पाणी घालतात आणि ते आयुष्याला पुरतं. पलीकडच्या मंडळीत ते धरत नाहीत. कळत्या वयाच्या माणसाने आपल्या पायांनी पाण्यात उतरायचं, डोक्यापर्यंत बुडायचं, तेव्हा तो बाप्तिस्मा. आजवर ही ग्रुपवरची चकमक होती. आता मामांना ती सकाळ आठवली, जेव्हा त्यांनी त्या मुठीएवढ्या जिवाला पांढऱ्या दुपट्यात गुंडाळून वेदीपाशी नेलं होतं. हात पाईप आवळून राठ झालेले, म्हणून दुपट्याखाली आणखी एक दुपटं घेतलं होतं. ती सकाळ आता धरायची नाही? ती घडलीच नाही?

"तुम्ही याल ना?" लेकीने विचारलं. "काठावर उभे राहायला?"

"बघू," मामा म्हणाले. ते कधी 'बघू' म्हणत नसत. एक तर 'येतो' म्हणत, नाहीतर 'का' म्हणत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रुपवर एका बोटाने लिहिलं, "एकदा घातलेलं पाणी वाया जातं का?"

एवढंच. पण वाळल्या गवतावर ठिणगी पडावी तसं झालं. पहारेकऱ्याने तासाभरात उपदेशच लिहून काढला, दुसऱ्यांदा पाणी घेणं म्हणजे पहिल्या वेळी देव झोपला होता असं म्हणणं. मीठ म्हणालं, कपाळ ओलं करून माणूस धुतला जात असेल तर पावसात भिजलेलं प्रत्येक मांजर पवित्र. कोणी म्हणालं, सोडून द्या. त्याला दोन्ही बाजूंनी धुतलं. मामांच्या प्रश्नाला उत्तर कोणीच दिलं नाही, कारण जो तो पाण्याबद्दल बोलत होता आणि मामा त्या सकाळबद्दल विचारत होते.

शेवटी तीनेक आठवड्यांनी मास्तर कळवळून पुढे आले. "बंधूभगिनींनो, पुरे. आजपासून आठवडाभर कोणी एक अक्षर लिहायचं नाही. सगळ्यांनी प्रार्थना करायची. माणसांच्याने सुटत नाही, तर देवानेच खूण द्यावी." सगळ्यांनी आमेन लिहिलं. मामांनीही लिहिलं. मनातून त्यांना जरा बरंच वाटलं. देवाने आपल्या बाजूने दिली एखादी खूण, तर कोणाला नको आहे?

ग्रुप शांत झाला, आणि त्याच शांततेत पलीकडच्या प्रार्थनाघरात उपदेश करणाऱ्या पाळकांचा मामांना फोन आला. तरुण माणूस, बोलायला मऊ. "मामा, आमची बाप्तिस्म्याची टाकी पाणी धरत नाही. रविवारी तर पाच जणांचा आहे. त्यात..."

"ठाऊक आहे त्यात कोण आहे."

"दोघे येऊन बघून गेले. सापडत नाही. तुम्हाला अवघड वाटत असेल तर..."

"येतो," मामा म्हणाले.

मामी दारात उभ्या होत्या. "लेकीला ज्यात बुडवणार, ती टाकी तुम्हीच नीट करून देणार?"

"गळती आहे गं. कुठून ते बघायला नको?"

"तुम्हाला काय, फक्त बघायचं असतं," मामी म्हणाल्या, पण डबा भरून दिला.

प्रार्थनाघर म्हणजे पूर्वीचं गोदाम. उंच छत, ओळीने खुर्च्या, समोर लाकडी व्यासपीठ. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली टाकी. दोन्ही बाजूंनी पायऱ्या, आत फिक्या निळ्या फरशा. एका बाजूने उतरायचं, दुसऱ्या बाजूने वर यायचं. मामा रिकाम्या टाकीत उतरले, तळाशी बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. इथे ती उभी राहणार. पाणी कमरेच्या वर येईल. तिला लहानपणापासून नाकात पाणी गेलेलं सोसत नाही.

मग त्यांनी फरशा पुसल्या, सांधे चाचपले, पाईपाच्या तोंडाला बूच मारून टाकी भरली. पाण्याच्या रेषेवर खडूने खूण केली. दुपारपर्यंत रेषा वर राहिली आणि पाणी खाली गेलं. आसपास कुठेही ओल नाही. अशा हट्टी गळतीला मामांकडे एक इलाज होता: पाण्यात रंग टाकायचा. खायचाच साधा रंग. मग रात्रभर सोडून द्यायचं. सकाळी बाहेरच्या भिंतीवर, गटारात, मातीत, जिथे रंग दिसेल तिथून वाट मागे काढायची. फरशा निळ्या, म्हणून मामांनी लाल घेतला. पुडी सोडली, काठीने ढवळलं, फळ्या जागच्या जागी ठेवल्या आणि वर पाटी ठेवली, 'काम चालू आहे'. पाळक तोवर एका आजारी माणसाला भेटायला इस्पितळात गेले होते, फोन बंद. रंगाचं सांगायला कोणी नव्हतं, आणि सांगण्यासारखं त्यात काय होतं? डॉक्टर नाडी बघतो तेव्हा गल्लीत दवंडी पिटतो का?

दुसऱ्या दिवशी सकाळी जाताना मामांना एका केशकर्तनालयातून तातडीचा निरोप आला. बेसिन तुंबून पाणी दुकानभर झालं होतं. ते आधी तिकडे गेले. आणि इकडे प्रार्थनाघरात गाण्याच्या तालमीला बायका जमल्या. पाटीवर 'काम चालू आहे' असं लिहिलं होतं. काम तर दिसत नव्हतं. टाकी भरली का बघू म्हणून एकीने फळी उचलली.

मामा बेसिनखाली उताणे पडले होते, तोंडात बॅटरी, हातात पान्हा. खिशातला मोबाईल गांधीलमाशी अडकल्यासारखा घोंघावत होता. शेवटी घरचा फोन आला.

"अहो, ग्रुप बघितलात? टाकीतलं पाणी लाल झालंय."

"होणारच. मी..."

"काय होणारच? लोक रडतायत तिकडे. गुडघ्यावर बसलेत. मास्तरांनी मौन सोडलंय."

मामा बेसिनखालून बाहेर आले आणि पुसायच्या फडक्याला हात लावायच्या आधी मोबाईल उघडला. फोटोत त्यांची टाकी होती. वरच्या खिडकीतून ऊन पडलेलं, आणि पाणी डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. स्वतः रंग टाकलेल्या माणसालाही क्षणभर काटा आला.

खाली पूर आला होता. पहारेकरी म्हणत होता, खूण मागितली, खूण मिळाली. पवित्र शास्त्रात नदीचं रक्त झालं तेव्हा ती शिक्षा होती, आजही आहे. दुसऱ्यांदा पाणी घेणाऱ्यांनो, थांबा. मीठ म्हणत होतं, हे तर तारणाचं रक्त, देवाने टाकी आपल्या हाताने भरली. तिसरं कोणी म्हणालं, शास्त्रातल्या त्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला होता, कोणी चाखून बघितलंय का? त्यावरून द्राक्षारस प्यावा की पिऊ नये याची वेगळीच लढाई पेटली. मामा खो खो हसले. केस कापणाऱ्याने कात्री थांबवून विचारलं, "काय झालं?" "काही नाही," मामा म्हणाले, "कावळा बसला आणि फांदी मोडली."

मग ते आणखी खाली गेले आणि त्यांचं हसू आटलं. एरवी ग्रुपवर नुसती वाचणाऱ्या लेकीचे शब्द तिथे होते. "मी रविवारी उतरत नाही. मला भीती वाटते. कदाचित घरच्यांचंच खरं असेल." आणि त्याखाली पहारेकऱ्याने लिहिलं होतं, "देवाने गळतीमामांचं ऐकलं."

मामांनी मोबाईल खिशात टाकला. परत बेसिनखाली शिरले. सांधा आवळायचा होता, तो त्यांनी आवळला. गरज नसताना सोडला आणि पुन्हा आवळला. लेक घरी येईल, रविवारी आपल्याशेजारी बाकावर बसेल, आणि ती सकाळ जिथल्या तिथे राहील. कोणाला काही सांगायची गरज नाही. खोटं बोलायचंच नाही, फक्त बोलायचं नाही. आपण मागितलेली खूण खरीच मिळाली तर माणसाला कसं वाटत असेल, हे मामांना नेहमी जाणून घ्यायचं होतं. आता कळत होतं. गार वाटत होतं, ओल्या भिंतीला पाठ टेकल्यासारखं.

बेसिन वाहतं झालं. मामा उठले आणि घरी न जाता चष्म्याच्या दुकानात गेले.

लेक काउंटरमागे एका फ्रेमचा स्क्रू आवळत होती. डोळे सुजलेले. मामांनी दोन्ही हात काचेवर पालथे ठेवले. नखांच्या कडा आणि बोटांच्या चिरा लाल होत्या.

तिने हात बघितले. मग बापाचा चेहरा. "बाबा, तुम्ही?"

"गळती शोधायला टाकतात. खायचा रंग आहे."

"मग ग्रुपवर का नाही लिहिलंत?"

"लिहिणार आहे."

"कधी कळलं तुम्हाला, लोकांनी काय समजलंय ते?"

"मघाशी. एक बेसिन जोडायच्या आधी."

"आणि जोडून झाल्यावर आलात."

"हो," मामा म्हणाले. "तेवढा वेळ मी जिंकलो होतो."

तिला राग आला असावा, पण ओठाचा एक कोपरा ऐकेना. जवळच काचा बघत बसलेल्या आजींनी कान टवकारले होते. त्यांना तिने दुसरा चष्मा दिला आणि आरशाकडे पाठवलं.

"पण बाबा, खूण नाहीच कशावरून? रंग तुमच्या हातून पडला, पण आत्ताच का पडला?"

"मला वापरायचं होतं तर देवाने आधी विचारायला हवं होतं. मी हिरवा टाकला असता." मामा थांबले. मग इतके दिवस जे ग्रुपला विचारत होते ते त्यांनी तिला विचारलं. "तुला त्या पाण्यात काय मिळणार आहे गं? भांडायला नाही विचारत. मला खरंच कळत नाही."

ती विचारात पडली. गिऱ्हाइकाला काच बदलून देताना थांबते तशी थांबली. "मला आठवणारं काहीतरी हवंय. तुम्ही नेलंत तेव्हा तुम्ही तिथे होता, आई होती. मीच नव्हते."

मामांनी मान हलवली. पटल्याची नव्हे, ऐकल्याची.

दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी एका बोटाने लिहिलं, "टाकीत रंग मी टाकला. लाल. गळतीसाठी. माफ करा. गळतीमामा." पाठवलं आणि वाट बघत बसले. आता सगळं शांत होईल असं त्यांना वाटलं.

आधी पहारेकऱ्याचं आलं. "मामा, लेकीच्या मायेपोटी देवाची खूण पुसू नका." मग मिठाचं. "मामा, हात तुमचा, पण इच्छा कोणाची? तुम्हाला त्यातलं काय कळतं?" पहारेकऱ्याने त्याला अंगठा दिला. मिठाने परत अंगठा दिला. ग्रुप निघाल्यापासून दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते पहिल्यांदा, आणि ते असं की गळतीमामांना काही कळत नाही. मामांनी तो प्रसंग पुन्हा पुन्हा वाचला. मास्तरांच्या आयुष्याचं स्वप्न एका पुडीत साकार झालं होतं.

पाळक मात्र टाकीपाशी त्यांची वाट बघत होते. "तुमचं वाचलं," ते म्हणाले. "पण खरं सांगू? त्याआधी मीही गुडघ्यावर होतो."

"मग काय दिसलं?"

"माझेच गुडघे थरथरताना दिसले," पाळक हसून म्हणाले. मामांना तो माणूस आवडला.

रंग मागच्या भिंतीबाहेर, जाईच्या वेलाखाली मातीत निघाला. तिथून वाट मागे काढत मामा शेवटच्या पायरीच्या पोटात पोचले. तिथे जुन्या पाईपाचा सांधा केसाएवढा उलला होता. त्यांनी तो बदलला, टाकी उपसली, फरशा घासल्या. दुसऱ्यांदा भरली तेव्हा पाणी खडूच्या रेषेवर गप्प उभं राहिलं.

रविवारी मामी साडी नेसून तयार होत्या. लेक बदलायचे कपडे पिशवीत घालून आधीच पुढे गेली होती. दोघं प्रार्थनाघरात मागच्या खुर्च्यांवर बसली. पाण्यात पाळकांबरोबर दुसरा एक माणूस उभा राहणार होता, पण त्याची पाठ आखडली होती. पाळक काठाशी आले. "मामा, तुम्ही उतराल? तिला धरायला?"

सगळं प्रार्थनाघर वळून बघू लागलं. लेकही बघत होती.

"नको," मामा सावकाश म्हणाले. "माझं मी केलंय एकदा. पण टॉवेल धरतो."

ते वर येण्याच्या पायऱ्यांशी टॉवेल पसरून उभे राहिले. लेक पलीकडून उतरली. शब्द म्हटले गेले, ती मागे झुकली, पाण्याखाली गेली. मामांनी श्वास रोखून धरला, आणि तो नक्की कोणासाठी धरला हे त्यांना सांगता आलं नसतं. ती वर आली ती ठसकत, नाक मुरडत, केस डोळ्यांवर. पायऱ्या चाचपत ती सरळ टॉवेलात आली.

"कसं होतं?" मामांना राहवलं नाही.

"गार," ती दातांवर दात वाजवत म्हणाली. मग टॉवेलाच्या आतून, जरा वेळाने: "बाबा, तेव्हाचं पाणी कसं होतं? माझ्या कपाळावरचं?"

मामा थबकले. आजवर हे कोणी विचारलं नव्हतं.

"कोमट," ते म्हणाले. "तुझ्या आईने घरून थर्मासमधून नेलं होतं. त्यावरून चर्चमध्ये किती भांडण झालं, काय सांगू..."

"सांगा," ती म्हणाली, आणि केस पुसत त्यांच्या शेजारी बसली.